मळ्यावरच्या घरात भरलेला गॅस सिलिंडर वर्षानुवर्षे ठेवता येतो का?

काटोलचा संत्रेवाला · ८ फेब्रुवारी

नमस्कार. आमचे राहते घर नागपुरात मनीषनगरला असून काटोल तालुक्यात संत्र्याची बाग आणि बागेत दोन खोल्यांचे घर आहे. तेथे वडिलांच्या नावावर स्वयंपाकाच्या गॅसची जोडणी आहे. वडील बागेत राहत होते तोपर्यंत दोन सिलिंडर आलटून-पालटून लागत असत. तीन वर्षांपूर्वी त्यांना आम्ही शहरात आणले आणि तेव्हापासून तेथे आमचा मुक्काम होतो तो केवळ तोडीच्या दिवसांत, म्हणजे वर्षातून जेमतेम महिनाभर. त्यामुळे एक सिलिंडर शेगडीला जोडलेला असतो, तर दुसरा, कंपनीचे सील असलेला आणि पूर्ण भरलेला, गेली तीन वर्षे तसाच पडून आहे.

हा भरलेला सिलिंडर टिनाच्या शेडमध्ये, युरियाच्या पोत्यांना आणि फवारणीच्या पंपाला लागून उभा आहे. परवा मृग बहाराच्या तोडीसाठी आलो तेव्हा सहज सील काढून टोपी उघडली, तर पितळी व्हॉल्व्हच्या कडेला हिरवट थर आलेला दिसला आणि बुडाच्या कडीवरचा रंग पोपडे धरून निघू लागला होता. वास मात्र आला नाही.

इंटरनेटवर वाचले की परदेशात लोक प्रोपेनच्या टाक्या दहा-दहा, वीस-वीस वर्षे साठवून ठेवतात आणि त्याला काही होत नाही. आपल्या सिलिंडरातला गॅस तोच असतो का? तो जुना झाला म्हणून त्याची आच कमी होते का? आणि मे महिन्यात काटोलकडे पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा टिनाखाली ठेवलेल्या भरलेल्या टाकीचे नेमके काय होते? शेजारच्या मळ्यातील भाऊ म्हणतात की त्यावर ओले पोते टाकून ठेवा. आमचे एक नातेवाईक तर, चोराच्या नजरेस पडू नये म्हणून, सिलिंडर आडवा करून दिवाणाखाली सरकवून ठेवण्याचा सल्ला देतात. दोन्ही सल्ल्यांबाबत माझ्या मनात शंका आहे.

निवृत्त भरणीवाला · ९ फेब्रुवारी

मी २६ वर्षे गॅस भरणी केंद्रावर काम करून निवृत्त झालो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, गॅस शिळा होत नाही. आपल्याकडच्या घरगुती सिलिंडरात प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते. पेट्रोलप्रमाणे त्यात डिंकासारखा गाळ धरत नाही, आणि बंद टाकीत हवा नसल्यामुळे त्याचे काही बिघडण्यासारखे कारणही उरत नाही. थंड देशांत शुद्ध प्रोपेन वापरतात याचे कारण एवढेच की प्रोपेन उणे ४२ अंशांनाही उकळते, तर ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास द्रवच राहते आणि कडाक्याच्या थंडीत शेगडीपर्यंत पोहोचत नाही. आपल्या विदर्भात ती अडचण नाही. टाकी संपत आली की आच मंदावल्यासारखी वाटते, तेव्हा लोक गॅस जुना झाला असे म्हणतात. प्रत्यक्षात प्रोपेन आधी उडून जाते आणि तळाशी ब्युटेनचा अंश वाढत जातो, म्हणून दाब उतरतो. त्याचा वयाशी संबंध नाही.

वय होते ते टाकीचे, रबराचे आणि व्हॉल्व्हचे. सिलिंडरच्या वरच्या कडीला आधार देणाऱ्या ज्या उभ्या पट्ट्या असतात त्यांच्या आतल्या बाजूस एक अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. अ, ब, क, ड समजा, पण इंग्रजी अक्षरांत: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचे आकडे वर्षाचे. ती गॅसची ‘एक्सपायरी’ नसून टाकीची पुढची दाबचाचणी केव्हा करायची त्याची तारीख असते. ती उलटलेली टाकी चाचणीशिवाय पुन्हा भरायची नसते. पण तुमच्या घरात पडून राहिलेली टाकी भरणी केंद्रावर येतच नाही, म्हणून ती चाचणी चुकते, आणि लांब साठवणुकीतला खरा धोका मला तेथेच दिसतो. वापरात असलेला सिलिंडर दर एक-दोन महिन्यांनी कोणाच्या तरी नजरेखालून जातो, तुमच्या सिलिंडराकडे तीन वर्षांत कोणी पाहिलेलेही नाही.

दुसरी गोष्ट वजनाची. त्याच पट्ट्यांवर रिकाम्या टाकीचे वजन कोरलेले असते. त्यात १४.२ किलो मिळवा आणि संत्र्याचे कॅरेट तोलण्याचा जो काटा तुमच्याकडे असेल त्यावर टाकी ठेवून पाहा. टाकी हलवून किंवा ठोकून, अथवा आतला दाब मोजून, किती गॅस आहे हे कळत नाही, कारण थेंबभर द्रव शिल्लक असेपर्यंत दाब हा मुख्यतः तापमानावर आणि मिश्रणावर ठरतो. आलेला आकडा लिहून ठेवा आणि तीन आठवड्यांनी त्याच काट्यावर पुन्हा तोला. दोन्ही वेळा काटा तोच हवा, नाहीतर काट्यांतला फरक गळती समजून बसाल.

व्हॉल्व्हवरच्या हिरव्या थराबद्दल: युरियाला ओल लागली की हळूहळू अमोनिया सुटतो, आणि अमोनिया हा पितळाचा वैरी आहे. खताच्या खोलीत लोखंडी बिजागऱ्यासुद्धा लवकर खातात हे आपण शेतकरी असल्याने पाहिलेच असेल. तो सिलिंडर आजच तेथून हलवा.

आडवा मात्र चुकूनही ठेवू नका. उभ्या टाकीत व्हॉल्व्हपाशी वायू असतो. आडवी केली की तेथे द्रव येतो, आणि द्रव गळला तर तो हवेत पसरताना सुमारे अडीचशे पट फुगतो.

उन्हाळी उपाय · ९ फेब्रुवारी

ओल्या पोत्याचा उपाय इतका वाईट नाही. आमच्या हॉटेलमागे नवतप्यात आम्ही दरवर्षी पोती टाकतो आणि दिवसातून तीनदा पाणी मारतो. टाकी हाताला गार लागते. आजपर्यंत काही झाले नाही.

माजी फायरमन · १० फेब्रुवारी

वरील उपाय हॉटेलमध्ये चालून जातो, कारण तेथील टाकी चार दिवसांत रिकामी होऊन परत जाते. वर्षभर पडून असलेल्या टाकीवर ओले पोते म्हणजे गंजाला दिलेले आमंत्रण आहे. बुडाची कडी आणि टाकी यांच्या सांध्यात ओल साचते, पोते ती वाळू देत नाही, आणि गंज आतून धरतो तो वरून दिसत नाही. टाकी उलथून बुड पाहण्याची सवय कोणालाच नसते.

उन्हाबद्दल काळजी करायची ती योग्य कारणासाठी करावी. शुद्ध प्रोपेनचा दाब २० अंशांना वातावरणाच्या सुमारे आठपट असतो आणि ५० अंशांना तो सुमारे सतरापट होतो. आपल्या मिश्रणात ब्युटेन असल्याने तो त्याहून कमी भरतो, आणि टाकीची चाचणी सुमारे २५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाने केलेली असते. म्हणजे केवळ नागपूरच्या उन्हाने चांगली टाकी फुटत नाही. परंतु हा हिशेब नीट भरलेल्या आणि न गंजलेल्या टाकीचा आहे. द्रव गॅस उष्णतेने पाण्यापेक्षा कितीतरी अधिक प्रसरण पावतो. प्रोपेन १५ वरून ५० अंशांवर नेले तर त्याचे आकारमान साधारण आठव्या हिश्श्याने वाढते, आणि म्हणूनच भरताना टाकीत मोकळी जागा राखलेली असते. कोणी परभारे, म्हणजे एका टाकीतून दुसरीत गॅस उतरवून भरून दिली असेल तर त्या मोकळ्या जागेचा भरवसा उरत नाही, आणि अशी टाकी उन्हात ठेवणे हे मी नोकरीत असतानाही आणि आजही प्राणघातक मानतो.

याहून मोठा धोका बंद खोलीतल्या मंद गळतीचा. हा वायू हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो, त्यामुळे तो छताकडे न जाता जमिनीवर पाण्यासारखा पसरतो, उंबरठ्याशी अडतो, खड्ड्यात किंवा नालीत उतरून बसतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे दोन टक्के झाले की ठिणगी पुरे होते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि तेवढ्याच उंच खोलीत हे प्रमाण गाठायला सुमारे सव्वा किलो गॅस लागतो असा हिशेब निघतो, पण तो खाली थरासारखा साचत असल्याने फरशीपाशी त्याच्या अंशानेही काम होते. तुमच्या सिलिंडरात १४ किलो आहेत. त्यामुळे दिवाणाखाली, तळघरात, विहिरीच्या मोटारीच्या खोलीत किंवा फ्रीजशेजारी सिलिंडर ठेवणे पूर्णपणे टाळावे.

वास आला नाही यावरही विसंबू नये. गॅसला स्वतःचा वास नसतो, त्यात इथाइल मरकॅप्टन नावाचे दुर्गंधी द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. टाकीच्या आत गंज असेल तर लोखंड हे द्रव्य शोषून घेते आणि वास फिका पडतो. शिवाय वयाबरोबर माणसाचे नाकही मंदावते. आपल्या वडिलांना तो वास आला असता का, हे एकदा त्यांनाच विचारून पाहा. घरात गॅस ओळखणारे यंत्र लावणार असाल तर ते फरशीपासून वीतभर उंचीवर लावा. मी एका घरात ते छताजवळ, धुराच्या यंत्राशेजारी बसवलेले पाहिले आहे आणि घरमालकाला त्याचा अभिमान होता.

काटोलचा संत्रेवाला · १२ फेब्रुवारी

सर्वांचे आभार. सिलिंडर काल शेडमधून काढून छपरीत, सावलीत उभा ठेवला. पट्टीवर सी-२४ असे आहे, म्हणजे सप्टेंबर २०२४ ची मुदत केव्हाच उलटली आहे. रिकाम्या टाकीचे वजन १५.६ किलो कोरलेले आहे, त्यामुळे भरलेली टाकी २९.८ भरायला हवी होती. आमच्या काट्यावर ती २९.५ भरली. काटा शंभर ग्रॅमचा आहे, तेव्हा तीनशे ग्रॅमवरून निष्कर्ष काढावा की नाही, हे मला ठरवता येत नाही. टोपी घट्ट बसवली आहे. तीन आठवड्यांनी पुन्हा तोलतो.

वडिलांना विचारले. ते म्हणाले, “मला तर दोन वर्षांपासून उदबत्तीचाही वास येत नाही.”

पंगतवाला · १३ फेब्रुवारी

मी केटरिंगचा व्यवसाय करतो, सदरला माझे गोदाम आहे. साठवणुकीच्या कायद्याबद्दल थोडे लिहितो, कारण ‘घर आपले, टाक्या आपल्या, मग कितीही ठेवू’ असा समज फार पसरलेला आहे. गॅस सिलिंडर नियम, २०१६ नुसार एका जागी एकूण १०० किलोपर्यंत एलपीजी परवान्याशिवाय ठेवता येतो. व्यावसायिक १९ किलोच्या पाच टाक्या म्हणजे ९५ किलो झाले, सहावी आली की ११४ किलो होऊन परवाना लागतो. मोजणी टाक्यांची नसून गॅसच्या किलोंची असते. हा परवाना देणारी ‘पेसो’, म्हणजे पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना, हिचे देशाचे मुख्यालय आपल्याच नागपुरात सेमिनरी हिल्सला आहे, तरी आमच्या धंद्यातल्या अर्ध्या लोकांना ते ठाऊक नसते.

घरगुती लाल टाकी मात्र धंद्याला वापरता येत नाही, आणि जोडणी ज्या पत्त्यावर आहे तेथेच ती ठेवायची असते. तुमच्यासारख्या प्रकरणात मला एक सोपा मार्ग सुचतो. फार काळ वापर होणार नसेल तर वितरकाकडे सिलिंडर व रेग्युलेटर जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घ्या आणि अनामत परत घ्या. पुढे गरज पडली की त्या व्हाउचरवरून जोडणी पुन्हा सुरू करता येते. महिनाभराच्या वापरासाठी वर्षभर टाकी सांभाळण्यापेक्षा हे मला शहाणपणाचे वाटते, पण बागेत अचानक पाहुणे आले तर काय, हा तुमचा प्रश्न उरेलच.

आणि एक. आमच्याकडे अपघात होता होता वाचला तो टाकीमुळे नव्हे, नळीमुळे. पावसाळ्यात चार महिने बंद राहिलेल्या गोदामात उंदराने साधी रबरी नळी कुरतडली होती. स्वयंपाक्याने शेगडी पेटवण्याआधी नळी हातात धरून वाकवून पाहिली म्हणून ते कळले. तेव्हापासून तारेची जाळी आत असलेली केशरी ‘सुरक्षा’ नळीच वापरतो आणि पाच वर्षांनी ती बदलतो.

निवृत्त भरणीवाला · १३ फेब्रुवारी

नळीचा मुद्दा योग्य आहे. त्याला जोडून सांगतो: मळ्यातून परतताना शेगडीला जोडलेल्या सिलिंडराचे केवळ बटण बंद करून येऊ नका. रेग्युलेटर काढून घ्या आणि व्हॉल्व्हवर टोपी बसवा. आतला स्प्रिंगचा व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो खरा, पण त्याच्या वर रबरी ओ-रिंग असते आणि रेग्युलेटर महिनोन्महिने बसलेला राहिला की ती एका बाजूस दबून कडक होते. टोपीला नायलॉनची दोरी बांधलेली असते ती शोभेसाठी नसून टोपी हरवू नये म्हणून असते, आणि लोक नेमकी तीच कापून टाकतात.

काटोलचा संत्रेवाला · ४ मार्च

पुन्हा तोलले. २९.२ किलो. म्हणजे टोपी बसवलेली असतानाही तीन आठवड्यांत तीनशे ग्रॅम गेले.

साबणाचा फेस व्हॉल्व्हच्या बाहेरून लावला, तेथे काही दिसले नाही. नंतर टोपी काढून व्हॉल्व्हच्या तोंडात चमचाभर पाणी टाकले. पहिली दहा-पंधरा सेकंद पाणी निश्चल होते, मग मोहरीएवढा एक बुडबुडा वर आला, फुटला, आणि तेवढ्याच वेळाने दुसरा आला. वास अगदी नाक जवळ नेल्यावरच, तोही सडक्या कांद्यासारखा पुसटसा. टोपीच्या आतील वॉशर पाहिला तर तो चिरलेला आहे. हे सर्व मी अंगणात, दुपारी, जवळ कोणतीही चूल नसताना केले. आता पुढे काय करावे?

माजी फायरमन · ४ मार्च, वीस मिनिटांनी

पाणी कापडाने टिपून टाका आणि चालू सिलिंडराची चांगली टोपी असेल तर ती यावर घट्ट बसवा. टाकी अंगणातच, उघड्यावर, सावलीत उभी राहू द्या. खोलीत, गाडीच्या डिकीत किंवा ट्रॉलीत बंदिस्त करून कोठेही नेऊ नका. जवळपास विडी, चूल किंवा फवारणी पंपाचे इंजिन नको, आणि उताराच्या बाजूला नाली वा विहीर असेल तर जागा बदला. १९०६ हा गॅसगळतीचा तातडीचा क्रमांक चोवीस तास चालतो. त्यावर कळवा आणि वितरकालाही सांगा. व्हॉल्व्हमध्ये खिळा किंवा स्क्रू-ड्रायव्हर घालून ‘बसवून पाहण्याचा’ मोह कोणालाही होऊ देऊ नका. मी हे लिहितो आहे कारण हा मोह नेमका घरातल्या हुशार माणसालाच होतो.

काटोलचा संत्रेवाला · ७ मार्च

१९०६ वर कळवल्यानंतर त्याच संध्याकाळी माणूस आला. त्यानेही पाणी टाकूनच पाहिले, आतील झडप नीट बसत नसल्याचे सांगितले, आपल्याजवळची नवी टोपी लावून सिलिंडर उघड्या गाडीतून घेऊन गेला. बुड उलटे करून पाहिले तेव्हा कडीच्या आतल्या बाजूला गंजाचा पापुद्रा नखाने निघत होता. तीन वर्षे मी तो सिलिंडर वरूनच पाहत आलो.

घरी विचार करून असे ठरवले की दुसरा सिलिंडर घ्यायचाच नाही. त्याची अनामत परत घेतली आणि पावती वडिलांच्या सातबाऱ्याच्या फाईलमध्ये ठेवली. एकच टाकी राहील, आणि तिच्यासाठी उत्तरेकडच्या भिंतीला कडुनिंबाच्या सावलीत वीतभर उंच सिमेंटचा ओटा बांधतो आहोत, वर टिनाऐवजी कवेलू आणि तीन बाजूंना जाळी. खत शेडमध्येच राहील. एक शंका उरली आहे: टाकी केव्हा आणली आणि केव्हा तोलली याची नोंद टाकीवर खडूने करून ठेवली तर चालेल का?

निवृत्त भरणीवाला · ७ मार्च

खडू पहिल्या पावसात पुसला जातो, आणि टाकीवर ऑइलपेंटने लिहिलेले वितरकाला आवडत नाही, कारण ती टाकी पुढे दुसऱ्याच्या घरी जाते. पुठ्ठ्याची चिठ्ठी करा, तीवर आणल्याची तारीख, पट्टीवरचे अक्षर व आकडे आणि वजन बॉलपेनने लिहा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि जाळीच्या दाराला आतून बांधा. प्रत्येक तोडीला आलात की त्याखाली नवे वजन लिहीत जा. टाकी परत जाताना चिठ्ठी मात्र तुमच्याजवळ ठेवा.